उन्हाची वाटणी

थंडीच्या दिवसांत इमारतीच्या आतल्या चौकात ऊन यायच्या आधी मुकादमीण येऊन उभी राहायची. हातात खडूचा तुकडा, खांद्यावर ओलं फडकं आणि चेहऱ्यावर असा भाव, की आज ऊन आलं नाही तर ती त्याला जाब विचारणार आहे.

ऊन यायचं. समोरच्या भिंतीवर सगळ्यांत वरच्या मजल्याच्या कठड्याशी ते आधी दिसायचं. मग वाळत घातलेल्या कपड्यांवरून, पाण्याच्या पाइपावरून एकेक मजला खाली सरकत यायचं आणि लोकांच्या जेवणाच्या जरा आधी फरशीवर टेकायचं. तिथून चौक ओलांडून ते पलीकडच्या भिंतीवर चढायला लागलं, की खालच्यांचा दिवस संपला. सगळा कारभार उरकायचा तो एवढ्यात. चार मजल्यांवरची माणसं, त्यांच्या गाद्या, उशा, एक तान्हं बाळ आणि कुंड्यांची एक रांग, एवढ्यांना त्यात ऊन मिळायला हवं असे. ते कुणाला कधी मिळणार आणि कुठे, हे मुकादमीण ठरवायची. कागदावर काही नव्हतं. जे होतं ते तिच्या डोक्यात आणि फरशीवरच्या खडूच्या रेघांत.

ती काही कुठली मुकादम नव्हती. जिने धुणं, दिवे लावणं, टाकीत पाणी चढवणं आणि फाटक सांभाळणं हे तिचं काम. नवरा या इमारतीचा राखणदार होता. तो गेला तेव्हा नवा माणूस मिळेपर्यंत म्हणून तिला ठेवून घेतलं, आणि नवा माणूस शोधायचं राहूनच गेलं. तिची मुलगी इथल्याच राखणदाराच्या खोलीत वाढली, शिकली आणि लग्न होऊन लांबच्या गावी गेली. मुकादमीण हे नाव दुसऱ्या मजल्यावरच्या ड्रायव्हरकाकांनी ठेवलं. तिला ते आवडलं नव्हतं, पण तिने ते परतही केलं नाही.

पूर्वी वाटणीबिटणी काही नव्हती. पूर्वी चौकात ऊन सकाळपासून नुसतं पडून असायचं आणि त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. मग मागच्या बाजूचं बसकं गोदाम पाडून तिथे उंच इमारत उभी राहिली. ती जसजशी चढत गेली तसतसं इकडचं ऊन आखडत गेलं, आणि पहिल्याच थंडीत लोकांना कळलं की आपलं काय गेलं. भिंतींना ओल धरली. उशांना कुबट वास यायला लागला. धुतलेले कपडे दुसऱ्या दिवशीही दमट लागायचे. कुंड्यांतली रोपं उजेडासाठी माना लांब करकरून वाकडी झाली. दारात खुर्ची टाकून बसणारे म्हातारे घरात जाऊन पडले, आणि पडून पडून आणखी म्हातारे झाले. वर जाऊन बसावं तर गच्ची नव्हती. वर उतरतं पत्र्याचं छप्पर आणि टाकीपुरता एक चौथरा. तिथे जायला भिंतीला ठोकलेली लोखंडी शिडी, ती चढायची हौस कुणाला असणार?

एका दुपारी उरल्यासुरल्या उन्हात दोन गाद्या आणि एक खाट यांची गाठ पडली. गाद्या म्हणाल्या, आम्ही आधी आलो. खाट म्हणाली, माझ्यावर आजारी माणूस आहे. आवाज चढले, जुनी उणीदुणी निघाली. मुकादमीण जिना पुसत होती. ती खाली आली, पोरांनी खेळून टाकलेला खडू उचलला आणि फरशीवर सरळ रेघ ओढली.

"रेघेच्या अलीकडे माणूस. पलीकडे सामान. आणि आवाज दोन्हीकडे नको."

त्या दिवसापासून वाटणी तिच्याकडे आली ती आलीच. इमारतीत तिचं सगंसोयरं कुणी नव्हतं, त्यामुळे ती कुणाकडे झुकायची नाही. शिवाय तिला उलट उत्तर द्यायची कुणाची छाती नव्हती. आधी तान्हं मूल, मग आजारी, मग म्हातारे, मग गाद्या-उशा. ज्याचा नंबर असेल तो आलाच नाही, तर ती जागा कुंड्यांना. पुढच्याला मागे आणि मागच्याला पुढे करायचं नाही. एकदा सोसायटीच्या सेक्रेटरींनी आपल्या पाहुण्या मेहुण्यासाठी खुर्ची मांडली होती. मुकादमिणीने मेहुण्याला आपादमस्तक बघून विचारलं, "हे तान्हे, की आजारी?" मेहुणे खुर्चीसकट वर गेले.

आणखी एक नियम तिने स्वतःला घातला होता. वाटणाऱ्याने स्वतः नंबर लावायचा नाही. सेक्रेटरींच्या मेहुण्याच्या वेळी तिने तो सगळ्यांदेखत बोलूनही दाखवला होता. "मी कधी बसले का? मग?" 

तिला गरजही वाटत नव्हती. तिच्या खोलीला चौकाकडे तोंड करून भलीमोठी काच होती. पूर्वी त्या जागी कसलंसं दुकान होतं, त्याची ती दर्शनी काच. उघडता यायची नाही, पण लख्ख होती. फरशीवर ऊन आलं की त्या काचेवरही यायचं. सगळ्यांना जागच्या जागी बसवून झालं की ती आत जायची, काचेमागे खुर्चीत बसायची आणि तिथून पहारा करायची. ऊब लागायची. डोळाही लागायचा, पण हे ती कबूल करत नसे.

"माझं ऊन मला घरपोच येतं," असं ती म्हणायची.

ऐन मधला नंबर ड्रायव्हरकाकांचा. ऊन फरशीच्या मधोमध येतं तेव्हाचा. बस चालवून चालवून त्यांचे गुडघे गेले होते, म्हणून तो त्यांना मिळाला होता. ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून स्टुलावर बसत आणि पेपरात वाचलेलं सगळ्यांना ऐकवत.

"मुकादमीण, माझी बस कशावर चालायची, माहीत आहे?"

"लोकांच्या नशिबावर."

"डिझेलवर. आणि डिझेल म्हणजे काय? करोडो वर्षांपूर्वीचं ऊन. समुद्रातले बारीक बारीक जीव त्या उन्हावर जगले, मेले, तळाशी गाडले गेले, त्यांचं तेल झालं. म्हणजे मी जन्मभर ऊनच जाळलं."

"मग पुरे झालं की तुम्हाला. सरका, गादी यायची आहे."

बाजूला शिंपीण नातवाला मांडीवर घेऊन बसलेली असायची. तिचा नवरा फाटकाशेजारच्या गाळ्यात कपडे शिवायचा, म्हणून ती शिंपीण. ती हसून विचारायची, "आणि काका, आपण जेवतो ते?"

"तेही ऊनच. झाडाच्या पानांनी साठवलेलं. गाय खाते ते, कोंबडी टिपते ते, आपल्या ताटात येतं ते, सगळं मूळ तिथून. ते बंद झालं तर सगळ्यांचा डबा बंद."

"वरून बिल येत नाही, हे एक बरं आहे," शिंपीण म्हणायची.

हे असं चाललं होतं, आणि ते तसंच चालत राहिलं असतं. पण मुकादमिणीच्या मांड्या दुखायला लागल्या.

सुरुवातीला तिने त्याला थंडी म्हटलं. मग वय म्हटलं. नुसतं दुखणं असतं तर तिने ते खिशात घालून काम केलं असतं. पण पायांतला जोरच गेला. खाली बसलं की उठताना कशाचातरी आधार लागायचा. चालताना ती डावीकडे-उजवीकडे डुलायला लागली. पोरं मागून तशीच चालून दाखवायची, आणि तिने वळून बघितलं की सरळ चालायची. जिना चढणं म्हणजे एकेका पायरीची मनधरणी. तिने हळूहळू वरचे मजले सोडून दिले. तिसऱ्या-चौथ्या मजल्याचे जिने धुतलेले नाहीत हे चौथ्या मजल्यावरच्यांना कळलं होतं, पण बोलायला कुणी तयार नव्हतं. टाकी भरली की वरच्या नळीतून पाणी पडल्याचा आवाज यायचा, त्यावरून ती खालूनच पंप बंद करायची. शिडीकडे ती फिरकली नव्हती.

पण टाकीत पाणी अडवणारा जो गोळा असतो, तो मधूनमधून अडकायचा. मग वर जाऊन त्याला हाताने हलवावं लागे. तो एका सकाळी अडकला. त्या दिवशी पंपाचं बटणही नेमकं बंद होईना. पाणी टाकीवरून पत्र्यावर, पत्र्यावरून चौथ्या मजल्यावर आलं आणि सेक्रेटरींच्या झोपायच्या खोलीत छतातून टपकायला लागलं. लोक बादल्या घेऊन धावले. मुकादमीण तिसऱ्या मजल्यापर्यंत कशीबशी गेली आणि तिथे पायरीवर बसली. वर जाता येईना, खाली उतरता येईना. सेक्रेटरी ओल्या पायांनी खाली येत होते. ती त्यांना तशी बसलेली दिसली, आणि मग लपवण्यासारखं काही उरलं नाही.

सेक्रेटरी वाईट माणूस नव्हते. दोन दिवस थांबून, आवाज खाली ठेवून ते तिच्याशी बोलले.

"मावशी, थंडी संपेपर्यंत बघू. तोवर वरचं काम मी कुणाकडून तरी करवून घेतो. पण पुढे माणूस ठेवावाच लागेल, आणि खोली कामाबरोबरची आहे. तुम्हाला सांगायला नको."

"नको," मुकादमीण म्हणाली.

"तुमची मुलगी बोलावतेच आहे ना?"

मुलगी बोलावत होती, यात काही खोटं नव्हतं. ती रोज फोन करायची.

"पडलीस का?"

"नाही."

"पडशील. ये म्हणते तर ऐकत नाहीस. इथे लिफ्ट आहे."

"लिफ्टमध्ये राहू का मी?"

"आई, मी कामावर असते आणि सगळा वेळ माझा जीव तुझ्या जिन्यावर टांगलेला असतो. कळतंय का तुला?"

मुकादमिणीला कळत होतं. पण मुलीच्या घरी आपण काय करू, हे तिला दिसत नव्हतं. तिथे फाटक दुसऱ्याच्या ताब्यात, टाकी दुसऱ्याच्या ताब्यात. सगळे कामावर गेले की बंद दाराआड आपण, आणि संध्याकाळी सगळे विचारणार, आज बरं आहे ना. तसं जगणारी माणसं तिने याच चौकात बघितली होती. त्यांना तीच हाताला धरून उन्हात आणून बसवायची.

मुलीने फोनवरून हट्ट धरला म्हणून ती कोपऱ्यावरच्या सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने मांड्या दाबल्या, नडगीवर बोट दाबलं तेव्हा मुकादमीण कळवळली. रक्त तपासायला पाठवलं. निकाल आल्यावर डॉक्टरीण म्हणाली, "तुमची हाडं मऊ पडली आहेत, आजी. तुम्हाला ऊन कमी पडतंय."

मुकादमीण हसली. मग तिला राग आला.

"बाई, तुम्ही कागद बदललात कुणाचा तरी. ऊन, आणि मला? अख्ख्या इमारतीला ऊन मी वाटते."

"वाटता, पण घेता का?"

"रोज बसते. खुर्ची टाकून."

"कुठे?"

मुकादमिणीने काचेचं सांगितलं. किती मोठी, किती स्वच्छ, किती ऊब लागते, सगळं सांगितलं. डॉक्टरीण ऐकून घेत होती.

"काचेतून ऊब येते," ती म्हणाली, "उजेडही येतो. पण उन्हातले जे किरण कातडीवर पडले की शरीर हाडांसाठी लागणारं जीवनसत्त्व तयार करतं, ते काच अडवते. तुम्ही कितीही वर्षं तिथे बसलात तरी हाडांना त्याचा पत्ता लागणार नाही. मी पुड्या देते, आठवड्याला एक. त्या घ्याच. आणि बाहेर बसा, काचेशिवाय. दुपारचं ऊन. हात कोपरापर्यंत उघडे, पाय गुडघ्यापर्यंत उघडे. फार वेळ नको, कातडी लाल व्हायच्या आत उठा. अंगभर गुंडाळून बसलात तर काचेत आणि त्यात फरक नाही."

"मग चालता येईल?"

"यायला हवं. पण महिने जातील. मध्येच कंटाळू नका."

घरी येऊन मुकादमीण काचेमागच्या खुर्चीत बसली. बाहेर नंबर चालू होते. ऊन तिच्या मांडीवर पडलं होतं, नेहमीसारखं उबदार. तिने खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली. त्या दिवसापुरता एवढाच काय तो राग.

आता अडचण अशी होती, की दुपारचं ऊन म्हणजे मधला नंबर, आणि मधला नंबर ड्रायव्हरकाकांचा. त्याच्या आधी बाळ, नंतर गाद्या. आजारी माणसाचा नंबर म्हाताऱ्याच्या आधी लागतो, तिच्याच नियमाने. तिने एक शब्द टाकला असता तर काका सरकले असते. पण मग आपण आजारी आहोत हे चौकात सांगावं लागणार. राखणदार आजारी, हे आपल्याच तोंडाने, तेही सेक्रेटरींच्या गॅलरीखाली. शिवाय, मी कधी बसले का, हे तिचंच वाक्य तिथे हवेत लटकत होतं. आणि पाय गुडघ्यापर्यंत उघडे टाकून सगळ्यांसमोर बसायचं, हे तर ती बोलून दाखवण्याच्याही पलीकडचं होतं.

तिने चोरवाटा शोधल्या. फाटकाबाहेर रस्त्यावर ऊन होतं, पण तिथे गाड्या आणि बघे. टाकीच्या चौथऱ्यावर दिवसभर ऊन पडून असायचं, पण तिथे जायला जे पाय हवेत तेच आणायला ऊन हवं होतं. मग ती चौकात भिंतीला टेकून सावलीत उभी राहायला लागली आणि पहारा करताकरता एक पाय हळूच पुढे सरकवायला लागली. पावलावर ऊन पडायचं. फक्त पावलावर.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी शिंपीण म्हणाली, "मुकादमीणबाई, तुमचा अंगठा रेघेच्या आत आलाय."

सगळे हसले. मुकादमिणीने पाय मागे घेतला. "रेघ वाकडी पडली आहे," असं म्हणून तिने ती पुसून परत ओढली. आधी होती तिथेच.

गोष्ट फुटली ती मुलीमुळे. फोनवर मुलीने विचारलं, उन्हात बसतेस का? मुकादमीण म्हणाली, बसते. मुलगी तिच्याच पोटची. तिने फोन ठेवला आणि शिंपिणीला लावला. "मावशी, आई उन्हात बसते का हो? डॉक्टरांनी सांगितलंय, हातपाय उघडे टाकून. नाही बसली तर तिचं काम जाईल, मग खोली जाईल, मग ती माझ्याकडे येईल आणि दिवसभर भिंतीकडे बघत बसेल. मला ती इथे हवी आहे मावशी, पण अशी नको."

शिंपिणीला कळलं म्हणजे इमारतीला कळलं. दुसऱ्या दिवशी मधल्या नंबराला ड्रायव्हरकाका आले, पण स्टूल न आणता.

"मुकादमीण, बसा."

"कशाला?"

"माझा नंबर घ्या."

"तुमचा नंबर तुमचा. असा देता-घेता येत नाही. आज तुम्ही मला द्याल, उद्या सेक्रेटरी त्यांच्या मेहुण्याला देतील."

"आजारी माणूस म्हाताऱ्याच्या आधी. नियम तुमचाच."

"मी आजारी नाही."

"मग डुलता कशाला? गाणं लागलंय का कुठे?"

चौकात कुणी हसलं नाही. मुकादमिणीने खडू घट्ट धरला. "काका, माझ्या पायांवर बोलायचं काम नाही. बसायचं तर बसा, नाहीतर ऊन चाललं."

 वाद घालायची काकांची सगळी हौस एका जागी गोळा होत होती. मग त्यांनी आवाज बदलला.

"बरं. समजा मी आज आलोच नाही. घरी झोपलो. मग ही जागा कुणाची?"

"कुंड्यांची."

"नक्की?"

"माझ्याशी नियमावर बोलू नका. रिकामी जागा कुंड्यांची. पहिल्या दिवसापासून."

"मग झालं तर. मी घरी झोपलो आहे. आणि तुम्ही स्वतःला कुंडी समजा."

शिंपीण आधी हसली, मग तिची सून, मग बाळ उगाचच. कुणीतरी भिंतीकडची मिरचीची कुंडी उचलून रेघेच्या आत आणून ठेवली, दुसऱ्याने पुदिन्याची आणली. मधे एका माणसापुरती जागा ठेवली. काका पाठमोरे होऊन जिना चढायला लागले. दुखऱ्या गुडघ्यांमुळे त्यांना वेळ लागत होता, पण त्यांनी वळून बघितलं नाही.

मुकादमिणीने नियम मनातल्या मनात दोन्ही बाजूंनी तपासून बघितला. कुंडीला नंबर लागत नाही. कुंडी वाटणी करत नाही. कुंडी आजारी आहे की नाही, हे कुणी विचारत नाही. फट सापडेना. एवढ्यात ऊन वीतभर पुढे सरकलं होतं.

ती खोलीत गेली आणि एक लाकडी खोकं घेऊन आली. मिरची आणि पुदिना यांच्या मधे ते ठेवून ती बसली. बाह्या कोपरापर्यंत सारल्या. पायांचं धैर्य व्हायला जरा वेळ लागला. शिंपिणीने न बोलता आपली खुर्ची फिरवली आणि फाटकाकडे तोंड केलं. सुनेनेही तसंच केलं. मग मुकादमिणीने कापड गुडघ्यापर्यंत वर घेतलं. तिच्या पोटऱ्या वर्षानुवर्षं उजेडात आल्या नव्हत्या. त्या तिच्या हातांपेक्षा कितीतरी उजळ होत्या, आणि तिला स्वतःलाही परक्या वाटल्या.

ऊन काचेतल्यापेक्षा फार वेगळं लागत होतं असं नाही. उलट वाऱ्यामुळे जरा कमीच उबदार. डॉक्टरीण म्हणते ते काम याच्यात चाललं आहे, हे कळायला काही मार्ग नव्हता.

"कसं वाटतंय?" पाठमोऱ्या शिंपिणीने विचारलं.

"कुंड्या बोलत नाहीत," मुकादमीण म्हणाली.

पुढे थंडीभर हेच चाललं. काका रोज घरी झोपलेले असत. म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत स्टूल टाकून बसत. फरशीवरून निघालेलं ऊन पलीकडच्या भिंतीवरून तिथपर्यंत चढून येई, त्याची वाट बघत. ते उशिरा यायचं, कठड्यामुळे अर्धंच यायचं, आणि त्यांचे गुडघे त्यावर फारसे खूश नव्हते. हे ते वरून ओरडून सांगायचे, आणि मुकादमीण खालून म्हणायची, "झोपेत बडबडू नका." ती पुड्या घेत होती. शिंपीण संध्याकाळी तिच्या मांड्यांना तेल लावून द्यायची. ढगाळ दिवस आला की मुकादमीण फाटकाशी उभी राहून आकाशाकडे असं बघायची, की पलीकडचा चहावाला विचारायचा, कुणी यायचंय का?

आधी दुखणं कमी झालं. जोर मात्र येईना. मग एक दिवस ती खोक्यावरून आधार न घेता उठली, आणि हे तिच्या स्वतःच्या लक्षातच आलं नाही, शिंपिणीच्या आलं. पहिल्या मजल्याचा जिना पूर्वीसारखा धुतला गेला. पुढे दुसऱ्याचा. तिसऱ्याला पायरीवर बसून दम खावा लागायचा. गुण कशाने आला, यावर चौकात दोन तट पडले. डॉक्टरीण म्हणाली, पुड्यांनी आणि उन्हाने. शिंपीण म्हणाली, तेलाने. काका म्हणाले, वैज्ञानिक दृष्टीने पाहता, माझ्या झोपेने.

थंडी सरत आली. ऊन आता फरशीवर जास्त रेंगाळायला लागलं होतं, आणि लोक स्वतःहूनच कडेच्या सावलीत सरकत होते. सेक्रेटरी मधे दोनदा तिला जिन्यात भेटले. "बरं दिसतंय," म्हणाले. पण दिलेली मुदत त्यांनी मागे घेतली नव्हती. त्यांनाही चौथ्या मजल्यावरच्या लोकांना उत्तर द्यायचं होतं. जिने होतात, पण टाकीचं काय?

मुकादमीण शिडीकडे रोज बघायची. पूर्वी ती बादली हातात घेऊन तिच्यावरून चढायची. आता तिसऱ्या मजल्यावर दम लागतो, तर तिथे मधेच पाय सुटला तर? मुलगी फोनवर विचारायची, पडलीस का? तिला शिडीबद्दल काही सांगण्यात अर्थ नव्हता.

मग एका सकाळी टाकीतला गोळा परत अडकला. पाणी चढेना की थांबेना, वरून नुसता गुळगुळ आवाज. सेक्रेटरी घरी नव्हते. ज्याच्याकडून ते वरचं काम करवून घेत होते तो पाइपवाला संध्याकाळशिवाय यायचा नाही. मुकादमिणीने पंप चालूच ठेवला, खांद्यावर फडकं टाकलं आणि जिना चढायला लागली. तिसऱ्या मजल्यावर बसली. उठली. चौथ्यावर कठडा धरून उभी राहिली. शिडीशी ड्रायव्हरकाका येऊन थांबले होते. तिला वर जाताना बघून तेही मागोमाग, गुडघे मोजत आले होते.

"मी चढतो," ते म्हणाले.

"तुम्ही चढाल. उतरवायला क्रेन मागवावी लागेल. शिडी धरा."

त्यांनी शिडी धरली. ती भिंतीला ठोकलेली होती, धरण्यासारखं काही नव्हतं, तरी त्यांनी दोन्ही हातांनी धरली. मुकादमीण शिडीचा एकेक गज चढत गेली. मधे एकदा बराच वेळ थांबली, इतका की काकांनी वर बघायचं सोडून दिलं. मग वरून टाकीचं झाकण सरकल्याचा आवाज आला, पाण्यात हात घातल्याचा, आणि मग गोळा सुटून पाणी नीट पडायला लागल्याचा.

ती लगेच खाली आली नाही. वर ऊन चहूकडे पसरलेलं होतं. शेजारच्या छपरांवर, पाण्याच्या टाक्यांवर, लांबच्या झाडांवर, गोदामाच्या जागी उभ्या राहिलेल्या त्या उंच इमारतीच्या कपाळावर. एवढं सगळं ऊन, आणि आपण खडूने रेघा मारत होतो, असं तिच्या मनात आलं. पण मग तिने खाली चौकात वाकून बघितलं. तिथे अजून सावलीच होती, आणि शिंपीण बाळाला घेऊन येऊन बसलेली होती. कोपरापर्यंत ओला झालेला हात तिने तिथेच वाळू दिला आणि उलटी वळून, शिडीकडे तोंड करून, पायाने पहिला गज चाचपला.

ती तळमजल्यावर पोचली तेव्हा तिच्या खोलीसमोर सेक्रेटरी उभे होते. बरोबर एक जोडपं होतं. नवरा काचेतून आत डोकावून बघत होता. बायको दाराची उंची बघत होती.

मुकादमीण जिन्याच्या तोंडाशीच थांबली. तिने जिन्याचा कठडा सोडला नाही.

"काय बघताय?"

सेक्रेटरी ओशाळले. "मावशी, नुसती खोली दाखवत होतो. पुढेमागे... हे चौकशीला आले होते."

"खोलीत माणूस राहतं," मुकादमीण म्हणाली. "आणि ते आत्ता टाकी सुरू करून आलंय. वर जाऊन बघा."

सेक्रेटरींनी तिच्या भिजलेल्या बाहीकडे बघितलं, मग जिन्यावरून मागे येणाऱ्या ड्रायव्हरकाकांकडे. काकांनी मान हलवली. सेक्रेटरी खोलीच्या दारापासून बाजूला झाले. मग जोडप्याला म्हणाले, "मी तुम्हाला कळवतो. पण माझ्या भरवशावर राहू नका, दुसरीकडेही बघा."

जोडपं निघालं. बायको फाटकाशी थांबली. तिच्या पोटात मूल होतं, आता लक्षात आलं. जागा हातची गेली हे तिला कळलं होतं, तरी तिने मागे वळून, सहज विचारल्यासारखं मुकादमिणीला विचारलं, "ऊन येतं का हो इथे?"

"येतं," मुकादमीण म्हणाली. "नंबर लावावा लागतो."